सातबारा भावाच्या नावावर, पैसे आपले

उदाहरणादाखल मुळशीतले २२ गुंठे घेऊ. थोरला भाऊ पिंपरीला कारखान्यात, धाकटा गावी घरची शेती बघणारा. १९८४ साली शेजारची जमीन विकायला निघाली. पैसे थोरल्याने घातले, काही फंडातून उचलून, काही पतसंस्थेचं कर्ज काढून. दस्ताच्या दिवशी रजा मिळाली नाही, म्हणून खरेदीखत धाकट्याच्या नावाने झालं. "नाव कुणाचंही लागू दे, जमीन दादाची" हे ओट्यावर, आई आणि मामासमोर ठरलं. कागदावर एक अक्षर नाही. पस्तीस वर्षं काही बिघडलं नाही. मग धाकटा वारला, वारसनोंद झाली, शेजारचा रस्ता रुंद झाला आणि पुतण्यांनी प्लॉटिंगवाल्याकडून विसार घेतला.

उदाहरण रचलेलं आहे, पण हवेली, मुळशी, मावळ, खेड या तालुक्यांची कामं करणाऱ्या वकिलांच्या कपाटात याच साच्याच्या फायली असतात. पक्षकार आला की पहिलं वाक्यही ठरलेलं: "साहेब, पैसे माझे होते." आम्ही ते वाक्य थोडं बाजूला ठेवतो. पैसे कुणाचे हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, आज दावा टाकला तर तो बेनामी कायद्याच्या (दुसऱ्याच्या नावाने घेतलेल्या मिळकतीबद्दलचा कायदा) कलम ४ वर आपटतो का. दुसरा, खरेदीच्या दिवशी या दोघांचं नातं कायद्याच्या भाषेत काय होतं. या दोन प्रश्नांची उत्तरं न ठरवता नोटीस काढली तर पुढची दहा वर्षं त्या नोटिशीतले शब्द निस्तरण्यात जातात.

आधी "ट्रस्ट", म्हणजे न्यास, या शब्दाबद्दल. भारतीय न्यास अधिनियम १८८२ चं कलम ५ सरळ आहे. स्थावर मिळकतीचा न्यास करायचा तर सही केलेला, नोंदवलेला लेख हवा, नाहीतर मृत्युपत्र. तोंडी न्यास जमिनीच्या बाबतीत टिकत नाही. त्या कलमातच पुढे म्हटलंय की या नियमाने फसवणुकीलाच हातभार लागत असेल तर तो लागू नाही. पण त्या एका ओळीवर अख्खा दावा उभा करायचा म्हणजे काठीवर घर बांधायचं. म्हणून दाव्यात "माझ्या भावाने जमीन ट्रस्टमध्ये धरली" असं लिहू नये. समोरचा वकील कलम ५ काढतो आणि आपल्याच शब्दांनी आपल्याला बांधतो. मुदत कायद्याच्या कलम १० मध्ये विश्वस्ताविरुद्धच्या दाव्याला मुदतीतून सूट आहे, पण ती विशिष्ट कारणासाठी रीतसर केलेल्या न्यासाला. तोंडी शब्दावरच्या जमिनीने तिच्या भरवशावर राहू नये.

आता बेनामी. १९८८ चा कायदा म्हणतो की नावापुरत्या मालकाकडून खऱ्या मालकाला मिळकत परत मागता येणार नाही, त्यासाठी दावाच चालणार नाही. इथे जवळजवळ प्रत्येक पक्षकाराचा एक गैरसमज असतो: "आमची खरेदी १९८४ ची, कायदा नंतरचा, मग आम्हाला तो कसा लागेल?" सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आर. राजगोपाल रेड्डी प्रकरणात सांगितलं की कलम ४ आधीपासून चालू असलेल्या दाव्यांना लागत नाही. कायदा आल्यानंतर टाकलेल्या दाव्याला मात्र लागतं, मग खरेदी कितीही जुनी असो. म्हणजे बघायची ती दावा टाकल्याची तारीख. १९८४ ची खरेदी आणि आजचा दावा, तर कलम ४ दारातच उभं.

सुटायची वाट अपवादांतून आहे. एकत्र कुटुंबाच्या पैशातून कर्त्याच्या किंवा सहदायादाच्या (एकत्र कुटुंबात जन्मतः हिस्सा असलेल्याच्या) नावाने घेतलेली मिळकत कुटुंबाच्या फायद्यासाठी असेल तर ती बेनामी नाही. दुसऱ्याच्या हितासाठी विश्वासाच्या नात्याने धरलेली मिळकतही नाही. २०१६ ची दुरुस्ती १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झाली. तिने व्याख्या रुंद केली आणि पत्नी, मुलं, भावंडं यांच्यासाठी वेगळ्या अटी घातल्या. भावाच्या नावाने घेतलेल्या मिळकतीला अपवाद हवा असेल तर कोणत्याही दस्तऐवजात दोघांची नावं सहमालक म्हणून असावी लागतात आणि पैसा ज्ञात उत्पन्नातला असावा लागतो. जुन्या व्यवहाराला जुनी व्याख्या की नवी, यावर कोर्टात वाद होतोच. म्हणून दोन्ही बाजूंनी बसेल अशी मांडणी करावी. एकत्र कुटुंब, नाहीतर विश्वासाचं नातं, असे पर्यायी मुद्दे.

नुसता भाऊ आहे म्हणून विश्वासाचं नातं सिद्ध होत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयासमोर बंगळुरूच्या एका घराचं प्रकरण होतं. आई भाडेकरू असलेली महापालिकेची जागा तिच्या पश्चात महापालिकेने एकाच मुलाच्या नावाने केली, पैसे मात्र वडील आणि इतर भावंडांनीही घातले होते. नाव लागलेला मुलगा बाकीच्यांसाठी विश्वासाने मिळकत धरून होता, असं न्यायालयाने मानलं. तिथे पैसे दिले एवढ्यावर भागलं नाही. एकाचंच नाव का लागलं, बाकीच्यांनी त्याच्यावर विसंबण्याचं कारण काय, हे परिस्थितीतून उघड होत होतं. आपल्या उदाहरणात "रजा मिळाली नाही" हे कारण म्हणूनच मोलाचं. कारखान्याचं हजेरीपत्रक मिळालं तर ते सोन्यासारखं.

दाव्यात किंवा नोटिशीत "बेनामी" हा शब्द स्वतःहून लिहू नका. आपणच व्यवहाराला बेनामी म्हटलं की दिवाणी दावा तर जातोच, शिवाय आयकर खात्याच्या बेनामी शाखेला आयतं कबुलीपत्र मिळतं. दुरुस्तीनंतरच्या कायद्यात १ ते ७ वर्षं कैद आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे, वर मिळकत जप्त होते ती वेगळीच. जुन्या व्यवहारांवरच्या कारवाईला अडसर घालणारा २०२२ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मागे घेतला, त्यामुळे "जुनं आहे, काही होत नाही" हा दिलासाही गेला.

सगळ्यात अवघड फाइल असते बिनशेतकऱ्याची. पेठेत राहणारा नोकरदार, पौड रस्त्याला जमीन घ्यायची हौस, पण शेतकरी असल्याचा दाखला नाही. कूळकायद्याचं कलम ६३ आड येतं, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याच्या नावाने खरेदी. आता नाव का लावलं हे कोर्टाला सांगायचं म्हणजे कायदा चुकवायला लावलं असं कबूल करायचं. हेतू सांगितला तर बेकायदा, लपवला तर दाव्याचा कणाच नाही. अशा माणसाला आम्ही स्पष्ट सांगतो की कोर्टाऐवजी तडजोडीकडे बघा. तिथेही जमीन त्याच्या नावावर सहज येणार नाही, पैशाच्या रूपातच काय ते मिळेल.

यानंतर कागद, आणि इथे वेळ घालवावा. १९७३ च्या जयदयाल पोद्दार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या सांगितल्या, त्या आजही लावल्या जातात: पैसा कुठून आला, खरेदीनंतर ताबा कुणाचा, नाव दुसऱ्याचं लावण्यामागे हेतू काय, दोघांचं नातं काय, मूळ दस्त कुणाच्या कपाटात, आणि नंतर मिळकतीशी कोण मालकासारखं वागलं. शाबितीचा बोजा "नाव त्याचं, मालक मी" म्हणणाऱ्यावर.

मूळ खरेदीखत हातात आलं की आधी उलटं करा. मजकूर नंतर वाचा. जुन्या मुद्रांक कागदाच्या पाठीवर मुद्रांक विक्रेत्याने अनुक्रमांक, तारीख आणि कागद कुणी विकत घेतला त्याचं नाव लिहिलेलं असतं. निळ्या शाईत, घाईच्या अक्षरात. खरेदीदार धाकटा आणि मुद्रांक थोरल्याच्या नावाने घेतलेला निघाला, तर चाळीस वर्षांपूर्वी कुणीही बनाव न रचता तयार झालेला पुरावा मिळाला. मग दुय्यम निबंधकाचे शेरे वाचा: दस्त सादर कुणी केला, ओळख कुणी पटवली. मजकुरात मोबदला "रोख पोचला" लिहिलं असेल तर त्या आठवड्यातलं फंडाचं किंवा पतसंस्थेचं कर्ज शोधायचं. रक्कम आणि तारीख जुळली की रोख पैशालाही पाय फुटतात. बँका चाळीस वर्षांपूर्वीचे खातेउतारे देत नाहीत, घरातलं जुनं पासबुक हाच आधार. ट्रंका उघडायला लावाव्यात.

दुसरा कागद म्हणजे हस्तलिखित सातबारा. ऑनलाइन डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो, पण तो आजचं चित्र दाखवतो. १९८४ च्या आधीपासूनचे हाताने लिहिलेले उतारे आणि सगळे फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून किंवा स्कॅन झालेले असतील तर संकेतस्थळावरून काढा. कब्जेदाराच्या नावापुढे बारीक अक्षरात "ए.कु.मॅ." दिसतं का बघा. एकत्र कुटुंब मॅनेजर. संगणकीकरणात ही तीन अक्षरं पुष्कळदा गळली. जुन्या उताऱ्यावर ती सापडली तर दाव्याचा रोख बदलतो, विश्वासाच्या नात्याऐवजी एकत्र कुटुंबाची मिळकत म्हणून मांडता येतं आणि ती वाट कितीतरी रुंद आहे. पीकपाहणीच्या रकान्यात वहिवाट कुणाची, इतर हक्कात सोसायटीचा बोजा कुणाच्या कर्जाचा, विहिरीच्या वीजजोडणीचा अर्ज कुणाचा, शेतसाऱ्याच्या पावत्या कुणाकडे, हेही तपासावं. दस्ताची सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) काढून घ्यावी आणि तिथल्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्चही करावा, नाहीतर मधल्या काळात गहाणखत झालेलं असतं आणि ते उलटतपासात कळतं.

तिसरं, मेलेल्या माणसाचे शब्द. धाकट्याने थोरल्याला लिहिलेलं एखादं अंतर्देशीय पत्र, "तुमच्या जमिनीला यंदा भात चांगला आहे" एवढं एक वाक्य. स्वतःच्या मालकीविरुद्ध केलेलं विधान म्हणून ते त्याच्या वारसांविरुद्ध वापरता येतं. कागद ३० वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला असेल तर सही-अक्षराबद्दल न्यायालय गृहीतक धरू शकतं. व्हॉट्सॲपचे संदेश असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, भाग अ संदेश हजर करणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, हॅश मूल्यासकट (मजकुरात बदल झाला नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा). नुसते स्क्रीनशॉट छापून जोडले तर पुराव्याच्या टप्प्यावर अडतात. फोन बदलण्याआधी हे काम उरकावं.

"नोंदणीकृत दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालतच नाही" असं समोरून ठासून सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. दस्ताच्या अटी तोंडी पुराव्याने बदलता येत नाहीत. खरेदी झालीच, विक्रेत्याचा हक्क गेलाच, याबद्दल आपला वाद नसतो. वाद आहे तो खरेदीदार कुणासाठी उभा राहिला याचा, आणि तो विक्रेत्याशी झालेल्या दस्ताबाहेरचा आहे. हा फरक युक्तिवादात पहिल्या मिनिटात सांगावा लागतो.

आता तलाठ्याकडे जायचं का? बहुतेक लोक आधी तिथेच जातात आणि तिथेच वर्षं घालवतात. विक्रीचा दस्त नोंदला गेला की फेर ओढला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत घेता येते. हरकत आली की प्रकरण तक्रार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये जातं आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतो. पण तो मालकी ठरवू शकत नाही, त्याच्यापुढे नोंदणीकृत दस्त आणि तोंडी हरकत असेल तर तो दस्ताप्रमाणे नोंद धरणार. अपील महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताकडे, मुदत ६० दिवस. पुढे आणखी अपील, मग फेरतपासणी. हरकत घ्यावी, जरूर घ्यावी, कारण वाद कधी आणि काय शब्दांत मांडला याची ती सरकारी नोंद होते. पण तिच्यावर जोर देऊन दिवाणी दावा लांबवला तर घोषणेची, म्हणजे मालकी जाहीर करून मागण्याची, मुदत निघून जाते. सातबारा हा मालकीचा पुरावा नाही हे सगळ्यांना पाठ असतं. तरी भांडण सातबाऱ्यासाठीच करतात.

मुदतीचं गणित नोटिशीशी जोडलेलं आहे. मालकी जाहीर करून मागण्याचा दावा हक्क पहिल्यांदा डावलला गेल्यापासून ३ वर्षांत, ताबा मागण्याचा १२ वर्षांत. समोरच्याने नोटिशीला उत्तर देऊन हक्क नाकारला की ३ वर्षांचं घड्याळ सुरू झालं याबद्दल वाद उरत नाही. त्याआधीच वारसनोंदीला हरकत घेतली असेल तर ते घड्याळ तिथूनच चालू झालं असं समोरचा म्हणेल. म्हणून तारखांचा तक्ता पहिल्या दिवशी बनवावा. नोटीस छोटी असावी: ठराव कधी, कुठे, कुणासमोर झाला, पैसे कसे दिले, ताबा कुणाकडे, आणि १५ दिवसांत दस्त करून द्या. शिव्या, कुळाचा उद्धार, "तुमच्या वडिलांनी फसवलं" वगैरे घालू नये. समोरून येणारं उत्तर हाच त्या नोटिशीचा खरा उपयोग. "पैसे काकांनी दिले हे खरं, पण ते बक्षीस होतं" असं एक वाक्य आलं तर पैशाचा मुद्दा कबूल झाला.

दावा शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात किंवा मिळकतीच्या तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, हद्द आणि मूल्यांकन बघून. मागण्या नीट लिहाव्या लागतात. नुसती घोषणा मागितली आणि ताबा समोरच्याकडे असूनही तो मागितला नाही, तर विशिष्ट दाद अधिनियमाच्या कलम ३४ मुळे घोषणाही मिळत नाही. पुतण्यांनी तिसऱ्याला दस्त करून दिला असेल तर तो आपल्यावर बंधनकारक नाही हेही मागावं आणि त्या तिसऱ्याला प्रतिवादी करावं. सगळ्यात जास्त चुकतं ते वारसांत. धाकट्याची विधवा, मुलगे लक्षात राहतात, लग्न होऊन गेलेल्या मुली राहून जातात. मग चार वर्षांनी "आवश्यक पक्षकार नाहीत" म्हणून दुरुस्तीचा अर्ज.

महाराष्ट्रात कोर्ट फीची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे, आणि मिळकतीच्या वादात स्त्री वादीला फी माफ आहे. ही माफी बघून बायकोला वादी करण्याचा मोह होतो. हक्क नवऱ्याचा आणि वादी बायको, असा दावा उलटतपासात दहा मिनिटांत कोसळतो.

दावा दाखल झाला की निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे तूर्तातूर्त मनाई. समोरच्याने कॅव्हेट टाकलेलं असेल तर ते ९० दिवस जिवंत असतं, त्याला ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही. प्रथमदर्शनी केस दाखवायला मुद्रांकाची पाठ, ए.कु.मॅ.ची नोंद, साऱ्याच्या पावत्या इथेच लावाव्यात, "पुराव्याच्या वेळी दाखवू" म्हणून दडवून ठेवू नयेत. मनाई मिळो न मिळो, दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. प्लॉटिंगवाल्याचा वकील सर्च काढतो तेव्हा ती सूचीत दिसते आणि बऱ्याचदा पुढचे दस्त तिथेच थांबतात. कोर्टाच्या हुकमाआधी व्यवहार थांबवणारा हा स्वस्त कागद आहे.

समोरून पहिला हल्ला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ नियम ११ चा असतो: दावा कायद्यानेच बाद आहे, वाचून फेटाळा. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच वादात म्हटलं की व्यवहार अपवादात बसतो की नाही हे पुराव्यानेच ठरेल, दावा वाचून फेटाळता येणार नाही. पण त्यासाठी अपवादाची वस्तुस्थिती दाव्यात लिहिलेली असावी लागते. विश्वासघाताचा तपशील द्यावा, असं ऑर्डर ६ नियम ४ सांगतो: दिवस, जागा, हजर माणसं, बोललेले शब्द. "घरात ठरलं होतं" एवढंच लिहिणाऱ्याला २०१९ चा निकालही वाचवत नाही.

साक्षीपुराव्यात मामा महत्त्वाचा, आणि मामा सहसा ऐंशी पार असतो. त्याची साक्ष आधी घ्यावी म्हणून अर्ज करा, गरज पडली तर कोर्ट कमिशनरमार्फत घरी. त्याला पाठ करून आणू नये. तारीख, वार, रक्कम सगळं तोंडपाठ सांगणारा म्हातारा कुणालाच खरा वाटत नाही. "दिवाळीच्या आधी, भात झोडून झालं होतं" हे खरं वाटतं.

तडजोड कुठल्याही टप्प्यावर होऊ शकते, आणि अशा दाव्यांत बऱ्याचदा जमीन वाटून घेण्याची तयारी दोन्हीकडे असते, फक्त आधी कुणी बोलायचं यावर अडतं. घाई मात्र दस्ताच्या प्रकारात होते. "हक्कसोड करून टाकू" असं सर्रास सुचवलं जातं. हक्कसोड सहहिस्सेदारात चालते. थोरल्याचं नाव अभिलेखात नाही, मग पुतणे कुणाच्या लाभात सोडणार? बक्षीसपत्रावर भावाला भावाकडून ३ टक्के मुद्रांक आहे, पण ती सवलत पुतण्याने काकाला दिलेल्या बक्षिसाला नाही. धाकटा हयात असताना हे केलं असतं तर किती वाचलं असतं हे सांगायची वेळ तिथे येते. उरतो तो हुकूमनाम्याचा, म्हणजे कोर्टाच्या डिक्रीचा मार्ग. दाव्यात ऑर्डर २३ नियम ३ खाली तडजोड, किंवा लोकअदालत, तिथे कोर्ट फी परत मिळते. तडजोडीत वादीचा मूळचाच हक्क मान्य केल्याचं लिहावं. हुकूमनाम्याने नवा हक्क निर्माण होतोय असं दिसलं तर तो नोंदवावा लागतो आणि मुद्रांकाचा प्रश्न उभा राहतो. वारसांत कुणी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन असेल तर कोर्टाची परवानगी आधी, नाहीतर तडजोड त्या मुलाला मोडता येते.

हुकूमनाम्याची साक्षांकित नक्कल घेऊन तलाठ्याकडे जाण्याआधी तिच्यातला गट नंबर, पोटहिस्सा आणि क्षेत्र आजच्या सातबाऱ्याशी एकदा ताडून बघा. १९८४ च्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो, आज गट नंबर आहे, क्षेत्र तेव्हा गुंठ्यांत आणि आता हेक्टर-आरमध्ये. दाव्याच्या परिशिष्टात जुनंच वर्णन राहिलं तर नोंद परत येते आणि हुकूमनामा दुरुस्त करून घ्यायला पुन्हा कोर्टात अर्ज द्यावा लागतो. २२ गुंठे गटाचा भाग असतील तर मोजणीचा नकाशा हुकूमनाम्याला जोडलेला हवा. नाहीतर नाव लागतं, पण बांध कुठला ते कुणालाच दाखवता येत नाही.